शेजारी आणलाय का?

आमच्या गल्लीतल्या अंबादासमास्तरांकडे कुणी फोटो मोठा करून घ्यायला गेलं, की मास्तर आधी फोटो बघतच नाहीत. आलेल्या माणसाच्या पाठीमागे मान वाकडी करून बघतात आणि विचारतात, "शेजारी आणलाय का?"

नवं गिऱ्हाईक गोंधळून जातं. वडील गेलेले, दहाव्याच्या आत भिंतीवर हार घातलेला फोटो लागायला हवा, मोबाईलमध्ये कुणाच्यातरी लग्नाच्या पंगतीत बसलेले वडील नखाएवढे दिसतायत, आणि हे गृहस्थ शेजारी मागतायत. एखादा म्हणतो, "अहो, मी त्यांचा सख्खा मुलगा आहे." मास्तर म्हणतात, "म्हणून तर. तुमी घरचे. घरचा माणूस फोटो बघितला की रडतो आणि हो म्हणतो. त्याचं काय खरं न्हाई. शेजारी आणा, रोज बघणारा. तो म्हणला हेच ते, मग न्या की फोटो."

माणूस तणतणत पायऱ्या उतरतो. संध्याकाळी मात्र निमूटपणे शेजारी घेऊन येतो, कारण तोवर घरात कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं की मास्तरांच्या हातचा फोटो भिंतीवर लागला की माणूस घरात आहे असं वाटतं.

माझं मेडिकलचं दुकान मास्तरांच्या बरोबर समोर. मध्ये आमची गल्ली, साखर पेठेतून आत येणारी, दोन रिक्षा एकमेकींना शिव्या देत जातील एवढी रुंद. काउंटरवर उभं राहिलं की मला मास्तरांचं दुकान थेट आतपर्यंत दिसतं. उंबरा, मग कॉम्प्युटर, कॉम्प्युटरमागे मास्तर, मास्तरांमागे हिरवट रंगाची भिंत. दुपारच्या मंद वेळेला हीच माझी करमणूक. हे सगळं मी आज हसत लिहितेय, कारण मास्तरांच्या डोळ्यांचं सगळं नीट पार पडलंय. दिवाळीच्या आधी कुणी मला मास्तरांवर लिहायला सांगितलं असतं, तर मी एवढंच लिहिलं असतं की हा माणूस हट्टी आहे आणि याच्या हट्टापुढे मी हात टेकले आहेत.

मास्तर हे नाव शाळेतलं नाही. ते चादरीच्या कारखान्यात डिझाईन मास्तर होते. आपल्या सोलापुरी चादरीवर जो मोर असतो, तो आधी कागदावर काढावा लागतो. चौकटींचा मोठा कागद घ्यायचा आणि त्यातला एकेक चौकोन रंगवत जायचं, म्हणजे पुढे त्या हिशोबाने मागावर धागे उचलले जातात. मास्तरांनी अर्धं आयुष्य असे चौकोन रंगवण्यात घालवलं. मग कारखान्यात कॉम्प्युटर आला. मास्तर चिकाटीने तो शिकले, आणि ते शिकून होतायत तोवर कारखानाच बंद पडला. तेव्हा त्यांनी राहत्या घराच्या पुढच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर मांडला आणि बाहेर पाटी लावली: 'फोटो मोठे करून मिळतील. लहान करून मिळणार नाहीत.' त्या दुसऱ्या वाक्याचं कारण मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "लहान करायला काय लागतंय ताई? माणूस लांब गेला की आपोआप लहान दिसतो. त्याला दुकान कशाला पायजे?"

फोटो मोठा करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मास्तरांनी मला न विचारता अनेकदा समजावलंय. खोकल्याचं औषध घ्यायला आले तरी समजावतात.

"हे बघा ताई. फोटो म्हंजे काय, चौकोन. बारके बारके. तुमच्या मोबाईलात मूठभर चौकोन हायेत, आणि मला भिंतीवर पोतंभर पायजेत. मग मधले कुटनं आणायचे? कॅमेऱ्यानं तर ते बघितलेच न्हाईत. मग काय करायचं, शेजाऱ्याला विचारायचं. की बाबा, तुझा रंग कुठला? मग तुझ्या शेजारच्या रिकाम्या घराचा कुठला असंल?"

किती शेजाऱ्यांना विचारायचं, यावर मास्तरांच्या पद्धती ठरलेल्या आहेत. कॉम्प्युटरमध्ये त्यांना लांबलचक इंग्रजी नावं आहेत, पण मास्तरांनी त्यांची बारशी स्वतःच केली आहेत. पहिली एकशेजारी. सगळ्यात जवळ जो चौकोन असेल त्याचाच रंग उचलायचा आणि भरायचा. काम झटपट होतं, पण चेहऱ्यावर पायऱ्या पायऱ्या येतात. ही पद्धत सही, शिक्का असल्या गोष्टींना ठीक, माणसाला नको. दुसरी चारशेजारी. चौघांना विचारायचं आणि मधला रंग काढायचा. ही वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी. "चौकात खांबावर टांगलेल्या दादाच्या नाकाकडं कोण बघायलंय? खालनं गाडी काढायची घाई." तिसरी सोळाशेजारी, मास्तरांची लाडकी. यात लांबच्या घरांनाही विचारायचं, पण जवळच्याच्या शब्दाला वजन जास्त द्यायचं. चेहरा म्हटलं की सोळाशेजारी. छत्तीस शेजाऱ्यांना विचारणारी पद्धतसुद्धा आहे म्हणे. ती मास्तर टाळतात, कारण तिच्यात कधीकधी कडेला पांढरी झालर उमटते. शिवाय छत्तीस जणांना विचारलं तर जमलेलं लग्न मोडतं, असं त्यांचं मत आहे.

आणि आता नवीन आलंय ते एआय. त्याला मास्तर 'पाहुणा' म्हणतात. "त्यो शेजाऱ्याला इचारतच न्हाई. गावात कधी आला न्हाई, माणूस कधी बघितला न्हाई, आणि सांगतो कसा, तर मला सगळं म्हाईत हाय, असंच नाक असतंय."

या पाहुण्याची एक गोष्ट मास्तर दर चार दिवसांनी कुणाला ना कुणाला ऐकवतात. मी ती घडताना पाहिली आहे, म्हणून खात्रीने सांगते. मोहोळकडचं एक कुटुंब आजोबांचा फोटो घेऊन आलं होतं. दुसरीकडून करून आणलेला, चकचकीत, पाहुणा पद्धतीचा. फक्त फ्रेमच्या मापाला तो अजून थोडा मोठा करून हवा होता. मास्तरांनी नेहमीप्रमाणे शेजारी मागितला. नशिबाने आजोबांच्या शेजारच्या रानातले एक म्हातारे गाडीत बसूनच आले होते. त्यांना आत आणलं. त्यांनी फोटोकडे निरखून पाहिलं आणि हात जोडले. म्हणाले, "रामराम. पावनं कुन्या गावचं म्हनायचं?"

नातू म्हणाला, "अवं, आपलं आबा हायेत ते."

म्हातारे म्हणाले, "आबाला दात कुटं व्हते?"

मग मास्तरांनी मूळ फोटो मागून घेतला, सोळाशेजारी लावली आणि दोन तासांनी आजोबा बसक्या गालांसकट कागदावर उतरले. म्हाताऱ्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "व्हय, ह्योच. ह्येनंच माजा बांध कोरलाय." मास्तरांच्या मते याच्याइतकं पक्कं सर्टिफिकेट त्यांना आजवर कुणी दिलेलं नाही.

मास्तरांच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि फोटो बिघडला की पुन्हा तेलुगू. चेहरा नीट आला नाही की ते पडद्यासमोर मान हलवत "कादु, कादु" म्हणत बसतात. कादु म्हणजे हे ते नव्हे. हा शब्द माझ्या काउंटरपर्यंत ऐकू येतो. चेहरा जमला की ते "औनु" म्हणतात, म्हणजे होय. तो मात्र ते इतका हळू म्हणतात, की मला नुसते ओठ हललेले दिसतात.

हे शेजाऱ्यांचं गणित त्यांनी माणसांनाही लावलेलं आहे. माझ्या नवऱ्याला वाटेत भेटलेला पहिला माणूस जे सांगेल ते खरं वाटतं, म्हणून "साहेब एकशेजारी हायेत". मी चारशेजारी. मी एकदा विचारलं, मग आपल्या गल्लीत सोळाशेजारी कोण? मास्तर म्हणाले, "अक्का होती की."

अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण. आईबाप लवकर गेले आणि अक्कानं विड्या वळून भावाला वाढवलं. दोघांनीही लग्न केलं नाही. मास्तरांना कारण विचारलं की ते म्हणायचे, अक्काला विचारा. अक्काला विचारलं की ती म्हणायची, त्यालाच विचारा. दिवसभर ती दुकानाच्या उंबऱ्यावर मांडीवर सूप घेऊन बसलेली असायची. सुपात पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. मान खाली, हात चालू. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी ती मान वर न करता करायची, पावलांवरून ओळखून. दुपारी एकदाच ती मान वर करायची, आणि ती माझ्याकडे बघायला. गल्लीपलीकडून विचारायची, "मेडिकल, जेवलीस का?" माझं नाव तिने कधी घेतलं नाही. मी नाही म्हटलं की ती सूप बाजूला ठेवायची, आत जायची आणि कडक भाकरी आणि शेंगांची चटणी माझ्या काउंटरवर आणून ठेवायची. विड्यांचं काम तिने दुसऱ्या कुठल्या कारणासाठी थांबवलेलं मला आठवत नाही.

अक्का गेली ती तापाने, दोन दिवसांत. तिचा फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की ती पदराने तोंड झाकायची. आधार कार्डावर होता एक, पण तो बघून मास्तर कादु म्हणाले, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. आधार कार्डावरच्या फोटोत आपण कुणीच आपण नसतो. भावाने त्या हिरवट भिंतीवर एक नवा खिळा ठोकला, कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्या रशीदभाईंकडून सागवानी फ्रेम करवून घेतली, आणि तिथेच सगळं थांबलं. फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळलेली राहिली. खिळा तसाच राहिला. जानेवारीत मी दुकानाचं कॅलेंडर घेऊन जाते आणि दर जानेवारीत मास्तर सांगतात, "तिथं नको ताई, त्यो खिळा बुक हाय." अख्ख्या पेठेतली गेलेली माणसं ज्या दुकानात मोठी झाली, त्या दुकानाच्या भिंतीवर घरचं माणूस नाही, याची गल्लीत चर्चा व्हायची. रशीदभाई मला म्हणायचे, "फ्रेम कबकी तैयार है ताई. मैं पूछताच नै अब."

आता माझ्या स्कूटरबद्दल सांगायला हवं. फार पूर्वी मी निळ्या रंगाची स्कूटर घेतली, तेव्हा दुकानासमोर तिची पूजा केली होती. हार, चाकाखाली लिंबू, हँडलला कुंकू. नवऱ्याने त्या वेळच्या बटणवाल्या मोबाईलवर माझा आणि स्कूटरचा फोटो काढला. अक्का गेल्यानंतर काही महिन्यांनी मास्तर माझ्याकडे आले आणि त्यांनी तो फोटो मागितला. म्हणाले, "टेस्टिंगला बरा हाय." मी आनंदाने दिला. तेव्हापासून कॉम्प्युटरमध्ये मोठं करायची काही नवी पद्धत आली, की मास्तर ती आधी माझ्या स्कूटरच्या फोटोवर चालवून बघायचे. स्वतः येऊन सांगायचे, "आज तुमचा स्कूटरचा फोटो घेतला हुता." मला फार बरं वाटायचं. माझ्या निवडीला इतकी वर्षं दाद देणारा हा एकच माणूस. नणंदेला मी हे दोन-तीनदा तरी ऐकवलं असेल.

मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढतोय हे गल्लीत सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं. चहा बशीच्या बाहेर ओतला जायला लागला. मला ते रशीदभाई समजून "सलाम" करून गेले. तरी कुरकुर नाही. उलट म्हणायचे, "आजकाल सगळं सोळाशेजारीच दिसतंय बघा. एकदम मऊ." मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करून घ्या, साधी गोष्ट आहे. मास्तर म्हणाले, एकाचं ऐकून कसं चालेल? मग त्यांनी चार डॉक्टर केले. तिघांनी ताबडतोब करा म्हटलं, एकाने थोडं थांबलात तरी चालेल म्हटलं. मास्तरांनी चौघांचा मध्य काढला आणि अजून सोळा पुरे व्हायचेत म्हणून सांगितलं. फोटोला जे गणित लावायचं ते त्यांनी डोळ्यालाच लावलं होतं.

नवरात्रात एक दिवस ते गल्ली ओलांडताना एका मोटारसायकलच्या पुढ्यात आले. पोराने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचले. मी काउंटरवरून सगळं बघितलं. राग इतका आला, की दुपारी गर्दी ओसरल्यावर मी तडक त्यांच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "मास्तर, मला खरं कारण सांगा. घाबरताय का?"

"घाबरायचं काय त्यात? वीस मिनिटांचं काम."

"मग पैशाची अडचण आहे का?"

"न्हाई न्हाई."

"मग काय आहे?"

खण उघडून मास्तरांनी चार-पाच कागद काढले आणि म्हणाले, "तुमच्या स्कूटरचा फोटो हाय."

रागातही मी थोडी सुखावले, हे कबूल करायला हवं. पण कागदांवर स्कूटर नव्हती. मी तर नव्हतेच. मला कळेना. मग मास्तरांनी कॉम्प्युटरवर मूळ फोटो लावला आणि बोट ठेवलं. हसणारी मी, हार घातलेली स्कूटर, आणि माझ्या खांद्यामागे, गल्लीच्या पलीकडे, मास्तरांच्या उंबऱ्यावर तांदळाएवढा तपकिरी ठिपका. इतकी वर्षं मी त्या फोटोत स्वतःला आणि स्कूटरलाच बघत आले होते.

"तिला म्हाईत नव्हतं फोटो काढायलेत म्हणून," मास्तर म्हणाले. "न्हाईतर तोंड झाकलं असतं."

पहिला कागद पाहुणा पद्धतीचा. त्यात एक देखणी बाई थेट आपल्याकडे बघून हसत होती. भुवया कोरलेल्या, गाल तुकतुकीत, मांडीवर विड्यांच्या सुपाऐवजी फुलांची परडी. "ही बघा," मास्तर म्हणाले, "देवळात बसलीय." दुसरा सोळाशेजारी. त्यात सगळंच मऊ, कपाळ कुठे संपतं आणि पदर कुठे सुरू होतो तेही कळत नव्हतं. तिसरा एकशेजारी. नुसते मोठेमोठे चौकोन, तपकिरी, पिवळट, मध्येच एक लाल.

तो तिसरा कागद मास्तरांनी डोळ्यांजवळ धरला. "ह्याच्यात मला दिसती. आधी दिसत नव्हती. डोळं धूसर झालं तसं हे चौकोन एकात एक मिसळायला लागले आणि एक दिवस ती दिसली. आता मला सांगा, डोळं साफ केलं तर काय दिसणार? परत चौकोनच की. मग अक्काला कुटं बघू?"

माझा राग कुठच्या कुठे गेला. चार डॉक्टर आणि सोळा डॉक्टर हे सगळं कशासाठी चाललं होतं ते आता कळलं. जो माणूस गावाच्या फोटोंसाठी शेजारी मागायचा, त्याने या फोटोसाठी कधी कुणाला विचारलं नव्हतं. कुणी कादु म्हणेल या धास्तीने ते एकटेच आपले डोळे जपत बसले होते.

"तुमी शेजारी," मास्तर म्हणाले. "आता दाखवलंच हाय तर सांगा. ही अक्का हाय का?"

मी कागद हातात घेतला. चौकोन होते. मी जवळ धरला, तिरपा धरला, उजेडाकडे नेला. चौकोनच होते. हो म्हणून टाकावं असं फार वाटलं. पण दयेपोटी म्हटलेलं हो मास्तरांना आवाजावरून कळतं, तसं हो ऐकून त्यांनी कितीतरी फोटो गिऱ्हाइकाला न देता पुन्हा करायला घेतलेले मी पाहिलेत. आणि या एका फोटोच्या बाबतीत मी खोटं बोलले असते, तर तो माणूस पुन्हा कधी कुणाला विचारायला धजला नसता. मास्तर वाट बघत उभे राहिले.

तेवढ्यात माझ्या दुकानावर एक बाई येऊन "ताई, ओ ताई" करायला लागल्या. सुटका झाल्यासारखी मी कागद मास्तरांच्या हातात देऊन गल्ली ओलांडली. काउंटरच्या आत गेले, तापाचं औषध काढलं, बाटली बाईंच्या पुढे धरली आणि सहज समोर बघितलं.

मास्तर माझ्या पाठोपाठ उंबऱ्यापर्यंत आले होते आणि तो कागद छातीशी धरून तसेच उभे होते. आणि त्या कागदात अक्का बसली होती. मांडीवर सूप, मान खाली, डावा खांदा जरा उतरलेला. चौकोन कुठेच नव्हते. रोज दुपारी मी तिला इथूनच, एवढ्याच अंतरावरून बघत आले होते. मास्तर तर तिच्या मागे, आत बसायचे. त्यांना तिची पाठ दिसायची, समोरून बघणारी मी होते. बाटली माझ्याच हातात राहिली आणि त्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"मास्तर," मी इथूनच म्हणाले, "अक्काच आहे."

मास्तरांनी मान वाकडी केली. आवाज तपासत होते. "काय करायलीय?"

"मान वर करायच्या बेतात आहे. आता विचारेल, मेडिकल, जेवलीस का."

मास्तर उंबऱ्यावरच खाली बसले. कागद मांडीवर घेतला. गिऱ्हाईक गेल्यावर मी पुन्हा तिकडे गेले आणि म्हणाले, "मास्तर, माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू नाही. मला स्वच्छ दिसली ती. फक्त लांबून बघावं लागतं."

"चादर बी लांबूनच बघायची असती," मास्तर हळूच म्हणाले. "कारखान्यात मी सगळ्यांना सांगायचो, जवळनं बघू नका, धागेच दिसतील. चादर टांगा आणि लांब जावा. हितं ह्या एवढ्याशा खोलीत विसरूनच गेलो."

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. सोबत रशीदभाई गेले. आल्यावर थेंब घालायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते एखाद्या जेलरच्या कडकपणाने केलं. मास्तर काळा चष्मा लावून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे की पेठेतल्या भिंती इतक्या मळक्या आहेत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

चष्मा निघाला त्या दिवशी रशीदभाईंनी फ्रेमवरचं वर्तमानपत्र सोडलं आणि तो एकशेजारी कागद तिच्यात बसवला. त्यांनी मला हळूच विचारलं, "इसमें तो चौकोनाँच हैं ताई?" मी म्हणाले, लावा तुम्ही. फोटो खिळ्यावर चढला. मास्तर अगदी समोर जाऊन उभे राहिले, नव्या डोळ्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांचा हात धरला. पायऱ्या उतरवून, एका रिक्षाला थांबवून, गल्ली ओलांडून त्यांना माझ्या काउंटरपाशी आणलं आणि म्हणाले, "आता वळा."

मास्तर वळले. मी फोटोकडे बघितलंच नाही, त्यांच्याकडे बघत होते. दोन रिक्षा मध्येच शिव्या देत गेल्या, त्यांनी मान इकडे-तिकडे करून त्यांच्या आडून बघितलं. मग त्यांचे ओठ हलले. या वेळी मी जवळ होते, म्हणून मला ऐकूही आलं. औनु. रशीदभाई पलीकडून हातवारे करत विचारत होते, काय झालं, काय झालं.

नंतर मी मास्तरांना छेडलं. म्हटलं, सगळ्यांना सोळाशेजारी आणि बहिणीला एकशेजारी? मास्तर म्हणाले, "जवळचा शेजारी पक्का असला तर एक बी पुरतो." वर लगेच हेही म्हणाले, की हे गिऱ्हाइकांना सांगू नका. शेजारी आणायची अट अजून आहे तशीच आहे.

आता मास्तर रोज दुपारी माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसतात. डोळ्यांत थेंब घालून घ्यायला आलो म्हणतात. थेंबांचा कोर्स संपून महिने झाले, हे त्यांनाही माहीत आहे. ते समोर बघत बसतात, मी बिलं करते.

परवा असेच बसले होते. समोरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "ताई, जेवलाव का?"

मी जेवले होते. तरी म्हणाले, "नाही अजून." मास्तर उठले, गल्ली ओलांडून घरात गेले आणि कडक भाकरी आणि शेंगांची चटणी घेऊन आले.